कोरी हवा

चंपा नावाच्या एका कुत्रीनं सरकारी यंत्राचं नाक कापलं, ती गोष्ट बुधवारची. दसरा होऊन एकच दिवस झाला होता. महामार्गावरच्या ट्रकांच्या तोंडावर झेंडूच्या माळा अजून टवटवीत होत्या.

कऱ्हाडच्या अलीकडे, महामार्गाला लागून, पार्सलांची एक अवाढव्य वखार आहे. पुण्याकडून येणारं आणि बंगळूरकडे जाणारं प्रत्येक खोकं तिथल्या पट्ट्यावरून एकदा तरी सरकतं. आठ महिन्यांपूर्वी वनखात्यानं त्या पट्ट्यावर एक यंत्र बसवलं. कागदोपत्री त्याचं नाव वायुजनुक विश्लेषक. हे नाव एका दमात म्हणू शकेल असा माणूस वखारीत एकही नव्हता, म्हणून सगळे त्याला 'नाक' म्हणत. या नाकाची जबाबदारी हर्षदा कणसेवर होती. वय एकतीस, पद तांत्रिक सहायक, आणि स्वभाव असा की कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघणार.

त्या बुधवारी दुपारी दीड वाजता वनक्षेत्रपाल भोइटे साहेबांचा फोन आला.

"मॅडम, सकाळी दहाला एक ट्रक सोडलाय तुम्ही. दाखल्यावर तुमची सही आहे. 'वन्यजीव नाही' म्हणून."

"रोज तीनशे ट्रक सोडते, साहेब."

"तो सीमेवरच्या नाक्यावर धरलाय. 'वनौषधी मुळ्या' लिहिलेलं खोकं. आत घोरपडीचे वाळवलेले अवयव निघाले, अकराशे नग. कुणी पकडलं माहितेय? चंपानं. सात वर्षांची म्हातारी कुत्री. निवृत्त व्हायची होती पुढच्या महिन्यात. शुक्रवारी अकरा वाजता लेखी खुलासा द्या. तुमचा आणि त्या तुमच्या मदतनीस मुजावरचा."

हर्षदानं फोन ठेवला आणि ती उभीच राहिली. खुर्ची मागं होती, पण बसावंसं वाटेना.

नाक चुकेल कसं? जो जीव जिथं जगतो किंवा मरतो, तिथल्या हवेत तो स्वतःला सांडत असतो. कातडीचा कण, केसाचा तुकडा, थुंकीचा शिंतोडा, आणि त्या प्रत्येकात त्याचा डीएनए. डोळ्यांना काही दिसत नाही. पण हवा ओढून बारीक गाळणीतून काढली की ते कण गाळणीवर बसतात. यंत्र त्यांच्या लाखो नकला काढतं, चार हजार प्राण्यांच्या यादीशी ताडून बघतं आणि चार मिनिटांत नाव सांगतं. बंद खोकं पट्ट्यावर दाबलं गेलं की फटीतून थोडी हवा सोडतं, तेवढी नाकाला पुरते. मांडूळ, चांदणी कासवं, खवल्या मांजराचे खवले, पोपटाची पिल्लं, आठ महिन्यांत सव्वीस खोकी नाकानं पकडली होती.

अडचण एकच होती. नाक फार तिखट होतं. माणसाच्या घरातून आलेल्या प्रत्येक खोक्यात पाल असते, उंदीर असतो, शेजारची कोंबडी आणि कालचं मटणही असतं. या सगळ्यांवर यंत्र बोंबलत बसलं तर एक खोकं पुढं जायचं नाही. म्हणून यंत्राला आधी शिकवावं लागे की साध्यासुध्या घरातली हवा अशी असते, तिच्यात जे आहे ते सोडून दे आणि उरेल ते सांग. दर मंगळवारी अशा घरातली तासभर हवा गाळणीवर धरून आणायची. तिला म्हणायचे 'कोरी हवा'. कोऱ्या हवेत जे जे सापडे ते यंत्र वजा करून टाकी.

हर्षदानं संगणक उघडला आणि वजाबाकीच्या आधीचे आकडे काढले. हे आकडे कुणी बघत नसे. पट्टा बंद झाला, पाळी बदलली, चहावाला येऊन गार चहा परत घेऊन गेला, तरी ती खाली खाली सरकवत राहिली.

सकाळच्या ट्रकमधल्या त्या खोक्यात घोरपड होती. नाकाला ती व्यवस्थित कळली होती आणि मग वजा झाली होती. मागच्या आठवड्यातही तशी दोन खोकी होती, त्याच्या मागच्या आठवड्यात पाच. आठ महिने नाक घोरपड ओळखत होतं आणि आठ महिने गप्प बसत होतं, कारण घोरपड ही साध्यासुध्या घरात असतेच असं त्याला कुणीतरी शिकवलं होतं.

कोरी हवा हर्षदाच्या घरची होती.

नियम तीन घरांचा होता. सुरुवातीला ती गल्लीत तीन-चार दारी जाऊन आलीही होती. पण सरकारी यंत्र घरात तासभर घरघरत ठेवायला कोण तयार होणार? "आमच्या घरात काय वास येतोय का?" असं विचारून एकीनं दारच लावलं. मग हर्षदानं आपल्याच घरात तीन ठिकाणी नळ्या लावल्या, स्वयंपाकघर, सोपा आणि माजघर, आणि फॉर्मवर लिहिलं: जागा एक, दोन, तीन. खाली सही केली, 'या जागांमध्ये वन्यजीव अथवा त्यांचे अवशेष नाहीत'. तिची हवा इतकी स्वच्छ निघाली, तीत इतके मोजके प्राणी, की नावं न बघताच खात्यानं महामार्गावरच्या सहाही वखारींतल्या नाकांना तीच शिकवली. तेव्हा तिला केवढा अभिमान वाटला होता.

सहा नाकं, आठ महिने. किती ट्रक गेले असतील याचा हिशेब तिनं करायला घेतला आणि अर्ध्यातच सोडून दिला.

*

हातात धरायचं छोटं नाक पिशवीत घालून ती संध्याकाळी पाचला घरी आली. आत्याबाई सोप्यात पावटे सोलत बसल्या होत्या.

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, शालन कणसे. पाच वर्षांपूर्वी अमर, म्हणजे हर्षदाचा नवरा, अपघातात गेला. भावकी म्हणाली, पोरगी माहेरी पाठवा. आत्याबाईंनी भावकीला दाराबाहेर काढलं आणि सुनेला म्हणाल्या, "तू परीक्षेला बस. चूल मी बघते." तेव्हापासून घरात दोघीच. भांडण रोज, पण एकीचं दुखलं तर दुसरीला झोप नाही.

"आज लवकर कशी? आन् ती डबडी घिऊन काय करतीयास? उंदीर मेलाय का कुठं?"

हर्षदानं नाक सुरू केलं. स्वयंपाकघरात घोरपडीचा आकडा आला तीन. सोप्यात पाच. माजघरात एकोणीस. तिनं हात देवघराकडे नेला आणि आकडा एकसष्टवर गेला. टाक, बाळकृष्ण, खंडोबाचा भंडारा, आणि मागं, तांबड्या फडक्यात गुंडाळलेली पितळी डबी. तिनं फडकं सोडलं. आत शेंदरात, लवंगा-वेलदोड्यांत दोन काळपट वाळके हात एकमेकांना जोडलेले.

"अगं, पारोशा हातानं शिवू न्हको!" आत्याबाई ओरडल्या. "हत्ताजोडी हाय ती. मंगळवारशिवाय उघडत न्हाईत."

"कुठनं आली ही?"

"आली कुठनं तरी. विंध्याच्या रानातली मुळी हाय. तुझी ऑर्डर अडकली व्हती दोन वर्सं, ध्यानात हाय न्हवं? ही घरात आली आन् बावीस दिसांत तुझं पत्र आलं. दर मंगळवारी तेल लावती, धूप दावती. तुला सांगितलं न्हाई, गुण जातो."

हर्षदाला आठवलं. दर मंगळवारी ती नळ्या घेऊन उभी राहायची आणि आत्याबाई म्हणायच्या, आधी पूजा हू दे, घरभर धूप फिरू दे, हवा शुद्ध होती, मग तुझं नाक लाव. तिलाही ते पटायचं. झाडलेलं, पुसलेलं, पूजा झालेलं घर, याहून स्वच्छ हवा कुठली? निखाऱ्यावर धरलेल्या त्या डबीचे कण धुराबरोबर घरभर फिरत होते, आणि ती ते जपून गाळणीवर धरून नेत होती. स्वतःच्या हुशारीवर तिला इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं.

"आत्याबाई, ही मुळी न्हाई. घोरपड हाय."

"घोरपड एवढी बारकी आसती व्हय?"

"अख्खी न्हवं. तिचा एक भाग."

"कंचा?"

वखारीतल्या साठ हमालांसमोर हर्षदानं या विषयावर चित्रं दाखवून व्याख्यान दिलं होतं. इथं मात्र तिनं नजर डबीवरच ठेवली. "नराचा भाग," ती म्हणाली. "नराला दोन असतात. वाळवले की जोडलेल्या हातांवानी दिसतात."

आत्याबाईंच्या हातातला पावटा तसाच राहिला. मग त्या उठल्या, मोरीत गेल्या आणि हात धुऊ लागल्या. आधी साबणानं, मग राखेनं, मग पुन्हा साबणानं. बाहेर आल्या तेव्हा हसत होत्या, आणि ते हसणं बघवत नव्हतं.

"अडीच वर्सं कुकू लावलंय मी त्येला. हात जोडलंत. माझी सून सुखात ठेव म्हणून मागनं मागितलंय." हसणं थांबलं. "मारून काढत्यात?"

हर्षदाला खोटं सांगता आलं असतं. "जिती असताना चटके देतात. त्याबिगर तो भाग भायेर येत न्हाई."

आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या.

"कुणी दिली?" हर्षदानं विचारलं.

"देनाऱ्याचं नाव सांगत न्हाईत."

"आत्याबाई, ही घरात ठेवली म्हणून कमीत कमी तीन वर्षं तुरुंग हाय. सांगितलंत तर काहीतरी मार्ग निघंल. आपण जालिंदरमामांना विचारू या का? महामार्गावर टेम्पो असतात त्यांचे, त्यांना माणसं माहीत असतात."

जालिंदरमामा म्हणजे आत्याबाईंचा पाठचा भाऊ. अमर गेला तेव्हा तेरा दिवस या घरात तळ ठोकून बसलेला, छपरावरचे पत्रे स्वतः चढून बदलून देणारा.

"त्येला मधी घेऊ न्हको," आत्याबाई चटकन म्हणाल्या. मग जरा वेळानं, खाली बघत, "आन् एक सांगायचं राह्यलं. ही एकच न्हाई."

"म्हणजे?"

"तुला नोकरी लागल्यावर गल्लीतल्या बाया आल्या. इचारलं, काय केलं वैनी तुम्ही? मी सांगितलं. मग त्येंनीबी मागितल्या. मी आनून दिल्या." त्यांनी बोटांवर मोजलं. "अकरा घरं."

वन्यजीव वाचवायच्या नोकरीत सून लागली, हीच या व्यापाराची गल्लीतली जाहिरात होती. तेव्हा एखाद्या शेजारणीनं नळी लावू दिली असती, तरी तिथंही घोरपडच निघाली असती.

*

गुरुवारी ती वखारीत सकाळी सातलाच पोचली. कोरी हवा बदलायची तर यंत्राला कारण लिहून द्यावं लागतं आणि त्यावर साहेबांची सही लागते. तोवर यंत्र जुनीच वजाबाकी करणार. पट्ट्यावरून खोकी सरकत होती, दाखले छापले जात होते, आणि प्रत्येक दाखल्यावर तिचं नाव होतं. नऊपर्यंत तिनं वजाबाकीच्या आधीचे आकडे तीनदा बघितले. नऊ वाजून दहा मिनिटांनी एका खोक्यात घोरपड दिसली. काहीतरी सबब सांगून तिनं ते हातानं बाजूला काढलं. बाकीच्या पाच वखारींत असं बाजूला काढणारं कुणी नव्हतं.

इरफान मुजावर तिच्याजवळ आला. रोज यंत्रात गाळणी बसवायचं काम त्याचं, वय पंचेचाळीस, कंत्राटी.

"ताई, मला बी नोटीस आलीया. मी लई इचार केला. माझ्याकडनंच चुकलं आसंल. मंगळवारी दसऱ्याच्या गडबडीत गाळणी घाईनं बसवली मी. तुमी तसंच लिवा. तुमच्यावर न्हको यायला."

न केलेली चूक या माणसानं स्वतःच्या गळ्यात घालून घेतली होती, आणि तीही तिच्या काळजीनं. "तुमचं काही चुकलेलं नाही, मुजावरभाऊ," ती म्हणाली. मग ती पट्ट्याकडे वळली.

दुपारी भोइटे साहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता, फक्त निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

"हे बघा, खुलासा दोन ओळींचा द्या. गाळणी सदोष होती, बदलली. विषय संपला. मुजावरचं कंत्राट जाईल, पण तो कामाचा माणूस आहे, त्याला कुठंही काम मिळेल. तुमची नोकरी कायम आहे. शिवाय घरात तुम्ही दोघीच. जरा व्यवहार बघा."

"आणि कोरी हवा, साहेब? तीही बदलायला हवी. तिचं कारण काय लिहू?"

भोइट्यांनी तिच्याकडे रोखून बघितलं. काहीतरी त्यांच्या ध्यानात आलं असावं, पण त्यांनी ते ध्यानात येऊ दिलं नाही. "बदला हळूहळू. सहा महिन्यांनी नवीन घर शोधा. कोण विचारतंय?"

सहा महिने! ती बाहेर आली, वखारीला एक चक्कर मारली, मग दुसरी. महामार्गावर ट्रक हॉर्न वाजवत जात होते. आत्याबाईंना वाचवायचं तर इरफानला बुडवायचं. शिवाय सहा महिने कुणीतरी रानात विस्तव पेटवत राहणार. खरं लिहायचं तर ज्या बाईनं आपल्याला उभं केलं तिला चौकीत उभं करायचं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी तिची गत झाली.

घरी आली तर दाराला कुलूप. आत्याबाई दिवेलागणीला परतल्या. पायांवर धूळ, चेहरा बंद. पिठलं-भाकरी केली. दोघींनी ताटात चिवडलं.

"मी खरं लिहिणार हाय," हर्षदा म्हणाली. एवढं एक वाक्य बोलायला तिला दोन दिवस लागले होते.

"लिही की. मी कुठं न्हको म्हनलं?" आत्याबाईंनी मान वर केली नाही. "पर अकरा घरांचं लिवायचं न्हाई. माझ्या शब्दावर घेतल्या त्येंनी. येकीची पोरगी नांदत नव्हती म्हनून घेतली, येकीच्या नवऱ्याची दारू सुटावी म्हनून. त्या चोर न्हाईत."

"तुमी तरी कुठं चोर हाय?"

आत्याबाई ताट उचलून मोरीकडे गेल्या.

*

शुक्रवारी अकरा वाजता हर्षदानं चार पानी खुलासा भोइट्यांच्या टेबलावर ठेवला. तीन घरांऐवजी एकच घर वापरलं, ते घर माझं, देवघरात हत्ताजोडी होती, तिच्यामुळं सहाही यंत्रं घोरपडीला आंधळी झाली, इरफान मुजावर यांचा काही दोष नाही. भोइट्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला.

"हे लिहायला नको होतं तुम्ही."

"कोरी हवा रद्द करायच्या कागदावर सही करा, साहेब. आधी तेवढं करा."

त्यांनी सही केली. तिनं तिथूनच सहाही नाकांची वजाबाकी काढून टाकली. पाल, उंदीर, कोंबडी सगळ्यांवर आता नाकं बोंबलणार होती, पण ते निस्तरता आलं असतं. बाराव्या मिनिटाला कोल्हापूरकडच्या वखारीतून फोन आला, घोरपड. विसाव्या मिनिटाला साताऱ्याकडून आला. भोइटे साहेब फोन घेत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

तेवढ्यात इरफाननं दारातून डोकं घातलं. "ताई, आत्याबाई आल्यात."

आत्याबाई आत आल्या. सणाचं लुगडं नेसल्या होत्या. हातातली कापडी पिशवी त्यांनी साहेबांच्या टेबलावर उपडी केली. पितळी डब्या, स्टीलच्या डब्या, एक औषधाची बाटली, एक पोराच्या कंपासपेटीसारखं काहीतरी.

"बारा हायत," त्या म्हणाल्या. "समद्या माझ्या."

भोइट्यांनी डब्यांकडे बघितलं, मग हर्षदाकडे. "आजी, एका घरात बारा?"

"मला देव लई लागत्यात."

"एक ठेवली तर बाळगणं झालं. बारा म्हणजे व्यापार होतो. कळतंय का तुम्हाला? जामीनसुद्धा लवकर मिळायचा नाही." ते हर्षदाकडे वळले. "मॅडम, यंत्र लावा. ज्या ज्या घरातनं डबी आली, त्या त्या घरच्या माणसांचा डीएनए तिच्यावर असणार. चार मिनिटांत बारा घरं वेगळी होतील. या बाईंवर एकाच डबीचा गुन्हा राहील."

म्हणजे आत्याबाईंना वाचवायचा रस्ता होता. तो अकरा घरांच्या उंबऱ्यांवरून जात होता, एवढंच. हर्षदानं हातमोजे चढवले आणि एक डबी उघडली. मग दुसरी, मग तिसरी. सगळ्यांवर एकच हळद, एकच तेल, आतला शेंदूर एकमेकांत कालवून परत भरलेला. कुणीतरी बाराही डब्या एका परातीत ओतून, एका फडक्यानं पुसून, निगुतीनं मिसळून आणल्या होत्या. आठ महिने दर मंगळवारी ती या बाईवर खेकसत आली होती, नळीला पदर लावू नका, एकाचं एकाला लागलं की नमुना गेला. बाईनं ते सगळं नीट ऐकून घेतलं होतं.

"नमुना मिसळलाय, साहेब. प्रत्येक डबीवर सगळ्यांचं सगळं आहे. यंत्र लावून उपयोग नाही." हे खरं होतं, आणि ते खरं आहे याचं तिला बरंही वाटलं आणि रडूही आलं.

आत्याबाई छताच्या पंख्याकडे बघत होत्या.

"मग देणाऱ्याचं नाव तरी सांगा," भोइटे जवळजवळ विनवत म्हणाले. "माल कुठनं आला ते सांगितलंत तर तुम्ही साक्षीदार होऊ शकता. मी स्वतः तसं लिहून देईन."

"न्हाई सांगनार. लिवा माझं नाव आन् मोकळं व्हा."

पंचनाम्याचा फॉर्म हर्षदापुढं आला. तांत्रिक सहायकानंच तो भरायचा असतो. वस्तू, नग, ठिकाण. 'बाळगणाऱ्याचे नाव' या रकान्यात तिनं लिहिलं, शालन विठ्ठल कणसे. लिहून झाल्यावर पेन उचललं नाही. त्याच रकान्यात खालच्या ओळीवर तिनं लिहिलं, हर्षदा अमर कणसे.

"अहो, हे काय करताय?" भोइटे उठून उभे राहिले. "नोकरी तर जाईलच, तुरुंगात जाल!"

"घर दोघींचं आहे, साहेब. त्या घरात वन्यजीव नाहीत अशी सही माझी आहे. आणि ती डबी माझ्यासाठीच आणली होती."

आत्याबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी फॉर्म आपल्याकडे ओढला आणि बोट फिरवत वाचला. दुसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"खोड ते."

"न्हाई."

"हर्षदा, खोड म्हनते ना! तुझं आयुष्य हाय म्होरं. माझं काय, मी म्हातारी, कुठंबी बसंन. तुझ्यासाठी केलं मी समदं आन् तू त्येच्यावरच पानी वततीयास?"

"तुमी आत आन् मी भायेर, असं घर मला नको. तुमी भावकीला दाराबाहेर काढलं तवा मला इचारलं व्हतं का? मीबी न्हाई इचारत."

टेबलावरचा फोन वाजला आणि भोइट्यांनी तो उचलला नाही. आत्याबाईंचं बोट अजून त्या ओळीवरच होतं. अमर गेला तेव्हासुद्धा चारचौघांत न रडलेली ती बाई आता तोंडाला पदर लावून हुंदके देत होती. मग त्यांनी डोळे कोरडे केले आणि फॉर्म सुनेकडे परत सरकवला.

"साहेब, मी सांगितलं तर पोरीचं नाव निघंल?"

"पुष्कळ फरक पडेल, आजी. माल पोचवणारा हाती लागला तर तुम्ही दोघी आमच्या बाजूच्या. मी शब्द देतो."

"मग लिही गं." आत्याबाई म्हणाल्या. "जालिंदर तुकाराम मोहिते."

हर्षदाचं पेन थांबलं. "मामा?"

"त्येच्या टेम्पोतनं येतंय समदं. मला म्हनला, आक्का, मुळी हाय, पवित्र हाय. परवा तुझ्याकडनं ऐकलं आन् काल सांजच्याला गेल्ते मी त्येच्या दारात. म्हनलं, तुला ठावं व्हतं का रं, काय हाय ते? तर मान खाली घातली त्येनं. ठावं व्हतं त्येला. मी हात जोडत व्हते तवाबी ठावं व्हतं." त्यांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. "तरीबी नाव घेनार नव्हते मी. पाठचा हाय. आई मेली तवा चार वर्सांचा व्हता, काखंला घिऊन वाढवलाय. पर त्येच्यापायी तू आत जानार आसशील तर न्हाई. लिही."

हर्षदा लिहू लागली. आत्याबाई एकेक गोष्ट सांगत गेल्या, गावाचं नाव, टेम्पोचे नंबर, माल उतरवायची जागा, वार. कुठं अडखळल्या नाहीत. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी खाली सही केली आणि आज तारीख कोणती म्हणून विचारलं. हर्षदानं सांगितली. भाऊबीज तीन आठवड्यांवरही उरली नव्हती.